परदेशची पदवी आणि घरची उमेदवारी

पुणें जिल्ह्यांतील खेड तालुक्यांत, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यांत महाळुंगे हें गांव आहे. जेथें एके काळीं शेतें होतीं, तेथें आज मोटारींचे सुटे भाग तयार होतात. तंत्रशाळेचें प्रमाणपत्र हातीं आलें तरी मुलाला येथें जाणत्या कारागिराच्या नजरेखालीं उमेदवारी करावी लागते. प्रमाणपत्र म्हणजे कसब नव्हे, हें घरोघरीं ठाऊक आहे. परंतु त्याच घरांतील मुलगी डॉक्टर होण्यासाठीं परदेशीं निघाली, म्हणजे हा साधा विचार मागें पडतो. पदवी मिळाली कीं सारें झालें, असा हिशेब मांडला जातो.

एके काळीं तो हिशेब खराहि होता. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी ह्यांनीं फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळविली, आणि कोल्हापूर संस्थाननें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागाचें काम त्यांना देऊं केलें. फेब्रुवारी १८८७ मध्यें पुण्यास त्यांचा अंत झाला व तें काम त्यांच्या हातून व्हावयाचें राहिलें. त्या वेळीं मुंबई इलाख्यांत डॉक्टरांची नोंद ठेवणारा कायदा नव्हता. तो १९१२ सालीं झाला. आज नोंदीवांचून व्यवसाय करतां येत नाहीं, आणि त्या नोंदीच्या वाटेवर तीन दारें आहेत.

पहिलें दार परदेशांतच आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणें तेथील शिक्षण किमान ५४ महिन्यांचें व इंग्रजी माध्यमाचें असावें लागतें. शिवाय त्याच संस्थेंत १२ महिन्यांची उमेदवारी करावी लागते. दुसरें दार म्हणजे २००२ पासून चालत आलेली चाळणी परीक्षा. तीनशें प्रश्नांपैकीं दीडशें बरोबर यावे लागतात, आणि बसणारांपैकीं निम्म्याहून अधिक उमेदवार बहुधा अनुत्तीर्ण होतात. तिसरें दार म्हणजे भारतांतील आणखी १२ महिन्यांची उमेदवारी. २०२२ सालीं तिच्यासाठीं महाविद्यालयाच्या जागांच्या साडेसात टक्के अशी मर्यादा ठरविण्यांत आली. म्हणजे दोनशें जागांच्या महाविद्यालयांत पंधरा. सारें सुरळीत पार पडलें, तरी साडेसहा वर्षें होतात. प्रतीक्षेचे महिने निराळे.

एवढें झाल्यावर निवासी डॉक्टर होण्याचा प्रश्न येतो. त्याकरितां येथील पदवीधरांबरोबर त्याच प्रवेशपरीक्षेस बसावें लागतें, आणि पुढें तीन वर्षें रुग्णालयांत काढावीं लागतात. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालयांत असें पदव्युत्तर शिक्षण चालतें. अमेरिकेंतहि रीत तीच, फक्त तेथें भारताची पदवी परकी ठरते. तेथील निवासी जागांची वांटणी १९५२ पासून एका सामाईक जुळणीनें होते, व परदेशच्या पदवीधरांची पात्रता पारखणारी संस्था १९५६ सालीं स्थापन झाली. येथें नांवाजलेल्या तज्ज्ञालाहि तेथें बहुधा पुन्हां निवासी उमेदवारी करावी लागते.

हा केवळ कागदी जाच आहे काय? २०२२ सालीं युक्रेनमधील युद्धामुळें विद्यार्थी परतले. महासाथीमुळें किंवा युद्धामुळें शेवटच्या वर्षाचें शिक्षण घरूनच पुरें करावें लागलेल्यांस परीक्षेची मुभा मिळाली, परंतु त्यांची उमेदवारी एकाऐवजीं दोन वर्षांची करण्यांत आली. त्यांत त्या मुलांचा कांहींच दोष नव्हता. तथापि रोग्याच्या खाटेजवळ जें शिकावयाचें, तें पडद्यावर शिकतां येत नाहीं, हेंहि खरें होतें.

म्हणून पैसे भरण्यापूर्वीं घरच्या वडीलधाऱ्यांनीं शुल्काबरोबर आणखी एक चौकशी अवश्य करावी. व्याख्यानें इंग्रजींत होतील. परंतु तेथील रोगी कोणत्या भाषेंत बोलतात, आणि त्यांच्याजवळ मुलीला किती महिने उभें राहतां येईल? पुढें एखाद्या रात्रीं यंत्रांत हात सांपडलेला कामगार तिच्यापुढें आणला जाईल. त्याला तिची पदवी कोठली, हें विचारण्याचें भान नसेल. तिचा हात कांपत नाहीं ना, एवढेंच तो पाहील.