पाहुणा म्हणून गेलेला कामगार
(कोकणातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



कोकणातील घरे पिढ्यान् पिढ्या बाहेरगावच्या मनीऑर्डरीवर चालत आली. आधी ती मनीऑर्डर मुंबईच्या गिरणीतून येई. १९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या, आखाती देशांत बांधकामांचे पेव फुटले आणि पैशाला तिकडूनही वाट मिळाली. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईचा आधार खचत गेला आणि अनेक घरांच्या नजरा समुद्रापलीकडे लागल्या. हा इतिहास कार्यकर्त्यांच्या परिचयाचा आहे. आजचा विषय या प्रवासातील एका लहानशा टप्प्यापुरता आहे. माणूस परक्या देशात पाहुणा म्हणून उतरतो आणि तिथेच त्याचा कामगार होतो, तो हा टप्पा. सरकारी भाषेत याला केवळ ‘दर्जा बदल’ म्हणतात. प्रत्यक्षात जुना कागद आणि नवा कागद यांच्यामधल्या दिवसांत त्या माणसाला कोणताच दर्जा नसतो.

समजा, मंडणगड तालुक्यातील एक वेल्डर दुबईस निघाला आहे. त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग कायद्याने आखलेला. मालकाने आधी त्या देशाच्या कामगार खात्याकडून परवानगी घ्यावी, करारपत्र पाठवावे, परवानाधारक एजंटाने कागद पुरे करावेत आणि मग कामगाराने विमानात बसावे. दुसरा मार्ग व्हिजिट व्हिसाचा. तीस किंवा साठ दिवसांची परवानगी घेऊन पाहुणा म्हणून जायचे, ओळखीच्या कुणाच्या खोलीत बिछाना मिळवायचा, कंपन्यांच्या दारांत उभे राहायचे आणि काम मिळाले की तिथल्या तिथे व्हिसा बदलून घ्यायचा.

हा दुसरा मार्ग धरणाऱ्याला अडाणी किंवा लबाड ठरवण्याची सुशिक्षितांत प्रथा आहे. ती अन्यायाची आहे. पहिल्या मार्गावर एजंटाने घ्यावयाच्या सेवाशुल्काला आपल्या सरकारने ३०,००० रुपये अधिक कर अशी मर्यादा घातली आहे, पण त्या मर्यादेत काम होते असे मानणारा माणूस गावात शोधूनही सापडणार नाही. दुसऱ्या मार्गावर निदान कंपनी डोळ्यांनी पाहता येते, कामाची जागा पाहता येते. कित्येकांना त्यातून बरी नोकरी मिळालेलीही आहे. तेव्हा कामगार या वाटेला लागतो तो हिशेब करूनच. प्रश्न असा की, त्या हिशेबातला तोट्याचा सगळा भाग त्याच्या एकट्याच्या नावावर कसा पडतो?

संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिट व्हिसावर काम करणे गुन्हा आहे. परंतु ‘आधी काम दाखव, मग व्हिसा काढतो’ असे सांगणाऱ्या मालकांची वाण नाही. ही परीक्षा आठवड्यांमागून आठवडे चालते. त्या काळात मजुरी मिळाली तर ती मालकाची मेहेरबानी. वेतन बँकेमार्फतच द्यावे असा दंडक तेथे २००९ पासून आहे, पण तो नोंद असलेल्या कामगारांसाठी. पाहुण्याचे नाव त्या यादीत नसते. मुदत उलटली की दिवसाला ५० दिरहॅमप्रमाणे दंड चढू लागतो. मजुरी मागायला जावे तर आपणच बेकायदा काम केले हे कबूल करावे लागते. मालकाच्या हाती याहून मोठे हत्यार कोणते असणार? मजुरी बुडवण्याचा अधिकार त्याला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. कामगाराच्या भीतीने मात्र तो त्याच्या पदरात टाकलेला आहे.

काम मिळाल्यावरही फेरा संपत नाही. देशात राहूनच दर्जा बदलायचा तर त्याचे शुल्क भरावे लागते, नाहीतर एकदा देशाबाहेर जाऊन नव्या परवान्यावर परत यावे लागते. या दुसऱ्या सोयीसाठी इराणचे किश बेट कितीतरी वर्षे प्रसिद्ध होते. हजारो माणसे तिथल्या स्वस्त खोल्यांतून आपला कागद येण्याची वाट पाहत बसत. १० फेब्रुवारी २००४ रोजी किशहून शारजाला येणारे एक लहान विमान उतरण्याच्या बेतात असताना कोसळले. विमानात ४६ माणसे होती, त्यांतील ४३ मरण पावली. व्हिसाच्या कामासाठी बेटावर जाऊन परतणारे परदेशी कामगार त्यांत होते. हा फेरा त्यांना कशासाठी करावा लागला? कामही त्याच देशात होते, मालकही त्याच देशात होता. बदलायचा होता तो फक्त एक शिक्का.

आता आपल्या देशाच्या कायद्याकडे वळले पाहिजे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने देशांतराची व्याख्या पुरेशी व्यापक केली आहे. नोकरी धरण्याच्या हेतूने देशाबाहेर जाणे म्हणजे देशांतर, मग करार झालेला असो वा नसो, एजंट मध्ये असो वा नसो. म्हणजे आपला वेल्डर कायद्याच्या शब्दांत बसतो. पण व्यवहारात काय होते? दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर मुख्यतः ‘तपासणी आवश्यक’ हा शेरा असतो, आणि अशा माणसाने आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. मात्र नोकरीव्यतिरिक्त कारणासाठी जातो असे सांगून व्हिसा आणि परतीचे तिकीट दाखवले की मंजुरीची गरज उरत नाही. दहावी उत्तीर्ण झालेल्याला तर कोणत्याच मंजुरीची गरज नाही, कारण शिकलेला माणूस फसत नाही अशी सरकारची समजूत आहे. ही समजूत ज्याने कुणी करून घेतली, त्याने कर्जबाजारी पदवीधर पाहिलेला नसावा.

परिणाम असा की, परदेशात पाहुण्याचा कामगार होतो त्या क्षणाची भारत सरकारच्या दफ्तरी सक्तीची नोंदच नाही. तपासणीची गरज नसलेल्या पासपोर्टधारकांनीही नोंदणी केलीच पाहिजे, असे परराष्ट्र मंत्रालयाने २०१८ च्या नोव्हेंबरात जाहीर केले आणि त्याच महिन्यात ती सक्ती स्थगित केली. नोंद नाही म्हणजे काय, हे मृत्यूच्या वेळी कळते. मंजुरी घेऊन गेलेल्या कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजनेखाली अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचे संरक्षण असते. त्याचा दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये. त्याच इमारतीच्या त्याच परातीवरून व्हिजिट व्हिसावाला कामगार पडला, तर त्याच्या विधवेला ही रक्कम मागण्याचा आधार नाही. दोघांचे काम एक, उंची एक, मरण एक. फरक शिक्क्याचा.

‘प्रोटेक्टर’ या पदनामाचाही एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात मॉरिशस, नाताळ, वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर बोटींत भरून पाठवले जात, त्या काळात हे पद निर्माण झाले. संरक्षकाच्या सहीनेच माणसे त्या गुलामसदृश व्यवस्थेत ढकलली जात होती. गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये नाताळला असे मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला, आणि तो स्वीकारला गेला. १९१२ मध्ये ही पद्धतच मुळापासून रद्द करावी असा ठराव त्यांनी आणला. सरकारी बहुमताने तो फेटाळला, पण १९१७ मध्ये ती भरती थांबवावी लागली. त्या लढ्याचा धडा आजही उपयोगी आहे. संरक्षकाची सही मिळाल्याने मजूर सुरक्षित होत नाही. तिकडे गेल्यावर त्याच्या बाजूने उभे राहणारे कुणी असेल, तरच त्या सहीला अर्थ येतो.

यावर उपाय म्हणून काही मित्र सुचवतात की, व्हिजिट व्हिसावर जाणाऱ्या तरुणांना विमानतळावरच अडवावे. त्यांचा हेतू चांगला आहे, परंतु हा उपाय मान्य करता येणार नाही. परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात स्पष्ट केले. आणीबाणीचा अनुभव घेतलेल्या चळवळीने तो हक्क गरिबापुरता मागे घ्यावा, हे शोभणारे नाही. शिवाय बंदीने वाट बुजत नाही, ती महाग होते. विमानतळावरील अटकाव चुकवून देण्याची किंमत दलाल आपल्या दरात मिळवतो, आणि ते कर्जही कामगाराच्याच डोक्यावर बसते.

परिस्थिती बदलत नाही असेही नाही. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने भरतीचा खर्च कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वसूल करण्यास आणि त्याची कागदपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली. २०२४ मध्ये परवान्याविना कामगार राबवणाऱ्या मालकाचा दंड एक लाख ते दहा लाख दिरहॅमपर्यंत नेला. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून मुदत उलटलेल्यांना दंडमाफी देऊन दर्जा नियमित करण्याची किंवा मायदेशी परतण्याची संधी दिली गेली, आणि ती वर्षअखेरपर्यंत वाढवण्यात आली. कायदा मालकाकडे बोट दाखवू लागला, हे स्वागतार्ह आहे. पण तेथे कामगाराला संघटना बांधण्याचा हक्क नाही. ज्याला एकट्याने तक्रार करायची आहे, त्याला कायद्याचे कलम माहीत असून भागत नाही. पोटापुरते पैसे आणि परतीचे तिकीट असेल तोवरच त्याचे धैर्य टिकते.

म्हणून चळवळीच्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. पहिली, संरक्षण शिक्क्याला न जोडता माणसाला जोडावे. पाहुण्याचा कामगार झाला की त्याला परदेशातूनच, दंडाची वा चौकशीची भीती न बाळगता नोंदणी करता यावी आणि त्याच दिवसापासून विमा लागू व्हावा. दुसरी, दहावीच्या अटीवर उभा असलेला भेद जावा. तिसरी, ‘व्हिजिटवर जा, तिथे बदलून मिळेल’ असे सांगून पैसे घेणारा दलाल हा विनापरवाना भरती करणारा एजंट समजून त्याच्यावर खटला चालावा, आणि तक्रारदार कामगाराला आरोपी करू नये. चौथी, दूतावासांनी बुडालेल्या मजुरीचे दावे कामगार परतल्यावरही त्याच्या वतीने चालवावेत. नव्या कायद्याचे मसुदे २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवले गेले. त्यांवर उद्योगपतींच्या संघटना बोलतात, एजंटांच्या संघटना बोलतात. मंडणगडच्या वेल्डरच्या वतीने कोण बोलले?

सरकारची वाट न पाहता करण्यासारखे कामही आहे. केरळने १९९६ मध्येच परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खाते उघडले, कारण तेथील घराघरांतून तशी मागणी उठली होती. इथल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावापासून प्रारंभ करावा. कोण कोणत्या व्हिसावर गेला, किती पैसे कुणाला दिले, मालकाचे नाव काय, याची वही गावात असावी. निघणाऱ्याला करारपत्राची एक प्रत घरी ठेवायला सांगावे, एजंटाला दिलेल्या पैशांची पावती मागायला शिकवावे. परतलेल्यांना एकत्र बसवावे. बुडालेल्या मजुरीची लाज कामगाराला वाटते म्हणून ती गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर येत नाही, आणि म्हणूनच तोच दलाल पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीत हिंडतो.

नाथ पै आणि मधु दंडवते यांना पुन्हा पुन्हा लोकसभेत पाठवणाऱ्या या भूमीत समाजवादी कार्यकर्त्याला अजून घरात बोलावून पाटावर बसवतात. त्या पाटावर बसल्यावर मुलगा कुठे असतो, हे विचारले जातेच. यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा: तो तिकडे कोणत्या कागदावर आहे? उत्तर देताना आई गप्प झाली, तर त्या घरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.