तलाव बांधायला पैसा कुणी दिला?



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या आम्ही नऊ जणी पोरांना घेऊन तालुक्याच्या गावी गेलो होतो. तिथं नवा पोहण्याचा तलाव झालाय, बाजूला पाण्याच्या घसरगुंड्या आणि कारंजी. फाटकावर तिकिटाचा दर वाचून आम्ही पदराच्या गाठी सोडल्या. पोरं आत गेली, आम्ही जाळीबाहेर. बायकांची वेळ विचारली, तर दुपारी बारा ते एक! त्या वेळेला पोचायचं तर बाईनं भाकरी थापायच्या कधी आणि एसटी गाठायची कधी? परतताना टेम्पोत एकीनं विचारलं, "हे बांधायला पैसा कुणी दिला गं?" कुणालाच सांगता आलं नाही.

तो प्रश्न डोक्यात राहिला. मग दुसरीकडे अशा कामाला पैसा कसा उभा करतात, ते आम्ही शोधलं. त्यात एक शहर आवडलं, अमेरिकेतलं ओक्लाहोमा सिटी. लांबचं आहे, पण त्यांची रीत आपल्या बचत गटासारखी वाटली.

1993 च्या डिसेंबरात त्या शहरानं मतदारांना सरळ विचारलं. पाच वर्षांपुरता जादा विक्रीकर द्याल का? शंभर डॉलरच्या खरेदीवर एक डॉलर. त्यातून खेळाचं मैदान, कालवा, वाचनालय अशी ठरलेली कामं होतील. यादी आधी, मत नंतर. शंभरातल्या साधारण 54 जणांनी हो म्हटलं. पैसा आधी जमवायचा आणि मग बांधायचं, म्हणजे डोक्यावर कर्ज आणि व्याज नको. लक्ष ठेवायला नागरिकांची समिती नेमली.

खर्च अंदाजापेक्षा वाढलाच. तो कुठे वाढत नाही? पण तिथं पालिकेनं गुपचूप कर लांबवला नाही. 1998 मध्ये पुन्हा लोकांकडे जाऊन आणखी सहा महिने मागून घेतले. आम्हाला सगळ्यात हेच पटलं.

2009 मध्ये असाच कर तिसऱ्यांदा मंजूर झाला, 7 वर्षं 9 महिन्यांसाठी, कामं 77 कोटी 70 लाख डॉलरची. त्यात मोठी बाग होती. पंपानं पाणी फिरवून खळाळता प्रवाह केलेलं नौकानयनाचं ठिकाण होतं, ते 2016 मध्ये सुरू झालं. शिवाय पन्नाशीच्या पुढच्यांसाठी व्यायाम आणि पोहण्याची केंद्रं. आपल्या सासूबाईंनी पोहायला जायचं, कल्पना करा! आम्ही तर हसून हसून बेजार झालो, आणि नंतर गप्प बसलो. गुडघे त्यांचेच दुखतात ना.

सगळंच गोड नाही हं. हा कर किराण्यावरही बसतो. श्रीमंत आणि मोलकरीण दोघी सारख्याच दरानं भरतात, म्हणजे गरिबाला जास्त जड. आणि शाळांच्या इमारतींसाठीचा कर त्यांनी 2001 मध्ये मंजूर केला, मैदानाच्या नंतर. आम्ही असतो तर शाळा आधी मागितल्या असत्या.

आपल्याकडे पालिकेच्या तलावासाठी असं मतदान होत नाही. पण गावात आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा व्हायला हवी, तसा कायदा आहे. दोन, ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बहुतेक वेळा आपण सहीपुरत्या जातो. आमच्याकडे या वेळी थोडं वेगळं झालं. त्या 10 टक्क्यांचा मागच्या वर्षीचा हिशेब आम्ही वाचून दाखवायला लावला. ग्रामसेवकांनी दप्तर उघडलं, थोडा वेळ शोधलं, मग म्हणाले, पुढच्या सभेत आणतो. आम्ही तेवढं इतिवृत्तात लिहून घेतलं.

तलावाचंही एक पत्र दिलंय. बायकांसाठी आठवड्यातून दोन दिवस सकाळची वेळ ठेवा, आणि तिकिटाचा पैसा कुठं जातो ते फाटकावर लिहा. पत्राखाली 43 सह्या आहेत, सात अंगठे. पोच मिळाली आहे, उत्तर अजून यायचंय.