निर्गुडीचा शेक कोणत्या सांध्याला?



भातलावणी आटोपली की घरोघरी गुडघे बोलू लागतात. ओढ्याकाठची निर्गुडी, बांधावरचा एरंड, डब्यातली सुंठ, सारे हाताशी असते. या उपायांना नावे ठेवायला मी आलेलो नाही. फक्त दुखणे कोणते, हे आधी पाहा.

वयाने आणि ओझ्याने झिजलेला गुडघा चालताना दुखतो, बसल्यावर निवतो. हा संधिवात. याला निर्गुडी चांगली. एका देठावर बहुधा पाच, क्वचित तीन पर्णिका, खालून पांढरट, चुरगळल्यावर उग्र वास, ही तिची खूण. पाला ठेचून तिळाच्या तेलात परतावा, फडक्यात पुरचुंडी बांधून सोसेल इतक्या उबेने दहा-पंधरा मिनिटे शेकावे. झीज भरून येत नाही, पण आराम पडतो. बिब्ब्याचा चटका मात्र नको. कातडी भाजते, जखम चिघळते.

आमवात निराळा. सकाळी बोटे तासभर आखडलेली, धार काढता येत नाही, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजलेले, अंगात कसर. माधवनिदानात त्याचे प्रकरणच वेगळे आहे. आमवातात तेल चोळू नये, वाळूच्या पुरचुंडीने कोरडा शेक द्यावा, असे वैद्यही सांगतात. म्हणजे वरचा तेलातला शेक इथे चालत नाही.

या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दोन-तीन पट अधिक होतो, आणि घरातली बाई दुखणे अंगावर काढते! तोवर हाड झिजून बोटे वाकतात, ती लेपाने सरळ होत नाहीत. सूज काही आठवडे टिकली तर रक्त तपासून घ्या. डॉक्टर बहुधा मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते.

बाजारातली बिनलेबलाची पुडी दोन दिवसांत गुण देऊ लागली तर संशय घ्या. अशा काही चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेले सापडले आहे. त्याने चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतली असेल तर एकाएकी बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

एरंडेल रेचक आहे, गरोदर स्त्रीला देऊ नये. एरंडाच्या बिया तर विषारी, मुलांच्या हाती लागू देऊ नका. ओढा लांब असेल तर पावसाळ्यात निर्गुडीचे फाटे बांधावर खोचा. सहज जगतात, आणि जनावरे सहसा तोंड लावत नाहीत.