सोडतीचा पैसा आणि नगराचें काम

मुंबईच्या टाऊन हॉलच्या पायऱ्या चढणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल कीं, या भव्य वास्तूच्या उभारणीस आरंभीं सोडतीच्या तिकिटांचा आधार घेतला होता. सर जेम्स मॅकिन्टॉश यांनीं १८११ सालीं कल्पना मांडली. पण तिकिटांचा पैसा अपुरा पडला, काम रखडलें, आणि सरकारनें खर्च सोसल्यावर १८३३ सालीं तें पुरें झालें. कलकत्त्यास १८१७ च्या लॉटरी कमिटीनें रस्ते व तलाव याच मार्गानें केले.

सोडतींत हरणाऱ्याचें मुद्दलच बुडतें. पॅरिस नगरीनें एकोणिसाव्या शतकांत अधिक शहाणी तोड काढली. रोखा घेणाऱ्यास मुद्दल परत मिळे. व्याज मात्र किंचित् कमी ठेवून वांचलेली रक्कम चिठ्ठ्या टाकून बक्षिसांत वांटीत. जुगार खरा, पण व्याजापुरता!

आतां रत्नागिरीसारख्या नगरपालिकेनें नळयोजनेसाठीं असे रोखे काढले, तर? बक्षिसानें गिऱ्हाईक येईल. मुद्दल फेडावयाचें तें मात्र घरपट्टी व पाणीपट्टी यांतूनच. ती वसुली जेथें थकते, तेथें बक्षीस हें केवळ आमिष होय. पुण्याच्या महानगरपालिकेनें २०१७ सालीं पाणीपुरवठ्यासाठीं २०० कोटींचे रोखे विकले, ते कोणत्याहि सोडतीवांचून, ७.५९ टक्के व्याजानें.