परमुलखात पेढी काढताना



परदेशात धंदा काढायचा आणि राहायचे मात्र आपल्याच गावात, असे कोणी तालुक्याच्या एस. टी. स्थानकावर बोलले, तर आज ऐकणाऱ्याला त्याचे नवल वाटत नाही. मोबाइलवर तशा जाहिरातीच येतात. लंडनमध्ये कंपनी, एका दिवसात. अमेरिकेत कंपनी, घरबसल्या. खाली रंगीत झेंडे आणि अगदी शेवटी बारीक अक्षरात ‘व्हिसाचे मार्गदर्शन’. गावातला होतकरू मुलगा ती जाहिरात घेऊन जातो कोणाकडे? बहुतेक वेळा आपल्या जुन्या मास्तरांकडे. “गुरुजी, हे खरं आहे का हो?” असे विचारतो. आजचे हे चार शब्द त्या मुलासाठी आहेत, आणि त्याहून अधिक त्या गुरुजींसाठी.

जाहिरातीचा पहिला भाग खरा आहे, हे आधी सांगून टाकतो. पुष्कळ देशांत कंपनी काढायला तिथले नागरिक असावे लागत नाही, तिथे राहावेही लागत नाही. विलायतेचेच घ्या. तिथे सोळा वर्षे पुरी झालेला कोणत्याही देशाचा माणूस कंपनीचा संचालक होऊ शकतो. कंपनीचा नोंदलेला पत्ता मात्र तिथला लागतो, आणि २०२४ सालापासून नुसती टपालपेटी दाखवून भागत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून तर नव्या संचालकाला आपली ओळखही पटवून द्यावी लागते. सिंगापूरला कंपनी परक्याची चालते, पण निदान एक संचालक तिथला रहिवासी हवा. अमेरिकेतही परदेशी माणसाला कंपनी काढता येते. बाल्टिक समुद्राकाठी एस्टोनिया म्हणून एक चिमुकला देश आहे, आपल्या पुणे शहराच्या निम्म्याहूनही कमी वस्तीचा. त्याने २०१४ च्या डिसेंबरात एक नवीच युक्ती काढली. परदेशी माणसाला ‘ई-रहिवासी’ म्हणून एक कार्ड द्यायचे आणि त्या कार्डावर त्याने दूर बसून कंपनी चालवायची. पण त्याच सरकारने हेही स्पष्ट सांगितले आहे की, या कार्डाने नागरिकत्व मिळत नाही, राहण्याचा हक्क मिळत नाही, एवढेच काय, देशात पाऊल टाकण्याचीही परवानगी मिळत नाही.

सगळा घोटाळा होतो तो इथेच. कंपनीची नोंद, बँकेतले खाते आणि तिथे जाऊन काम करण्याची परवानगी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या देणारी खाती निराळी, त्यांचे नियम निराळे. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे विहिरीला पाणी लागले, असे आपण म्हणतो का?

नोंदणी झाली की मुलगा बँकेकडे वळतो. तिथला कारकून विचारतो : तुम्ही राहता महाराष्ट्रात, माल महाराष्ट्रातला, मग आमच्या देशात तुमचे काय काम? गिऱ्हाईक कोण? त्याचा करारनामा दाखवा. पैसा कुठून आला ते दाखवा. उत्तर पटले नाही, तर खाते उघडत नाही, आणि कारण सांगायला तो बांधलेला नसतो. खात्यावाचून कंपनी म्हणजे बैलावाचून गाडी. यात बँकेला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. चोरटा पैसा आपल्या दारातून गेला, तर जाब तिला द्यावा लागतो.

व्हिसाची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण फसवणूक होते ती बहुतकरून तिच्यातच. कंपनी तुमची असली, तरी त्या देशात जाऊन गल्ल्यावर बसायला वेगळी परवानगी लागते. अमेरिकेत पैसे गुंतवणाऱ्या परदेशी माणसासाठी ‘ई-२’ नावाचा व्हिसा आहे. जाहिरातवाले तो मोठ्या खुबीने दाखवतात. पण तो ज्या देशांशी अमेरिकेचा तसा तह आहे त्यांच्याच नागरिकांना मिळतो, आणि भारताशी तसा तह नाही. म्हणजे आपल्या मुलाने घरदार गहाण टाकून तिथे कंपनी काढली, तरी तेवढ्यावर हे दार त्याला उघडत नाही. कामकाजाच्या भेटीचा व्हिसा निराळा. त्यावर बैठक घेता येते, करार करता येतो. नोकरी करता येत नाही, दुकान चालवता येत नाही. तेव्हा “कंपनी काढा, व्हिसा आपोआप येतो” असे सांगणारा एजंट भेटला, तर तो या विषयात एक तर अडाणी आहे किंवा फार हुशार आहे. दोन्ही प्रकारांत त्याच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.

आता कोणी म्हणेल, मग पुण्याच्या कारखानदारांनी परदेशात कारखाने केले ते कसे? रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर जरा निवांत पाहण्यासारखे आहे.

किर्लोस्कर हे नाव शेतकरी श्रोत्यांना नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर केला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. तो नांगर आपल्याच शेतकऱ्याला आधी पटेना. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी समजूत होती. घरच्या माणसाला, घरच्या भाषेत, घरच्या जमिनीवर नांगर पटवून द्यायला एवढे कष्ट पडले! त्याच घराण्याच्या पुण्यातल्या किर्लोस्कर ब्रदर्सने २००३ साली विलायतेतली एस. पी. पी. पंप्स ही कंपनी घेतली. ही कंपनी आग विझवण्याच्या पंपांसाठी नावाजलेली. आता आगीचा पंप हा काही विहिरीवरच्या पंपासारखा पाहून, चालवून घ्यायचा माल नव्हे. तो वर्षानुवर्षे गप्प उभा असतो आणि एके दिवशी हाक आली की त्याच क्षणी चालावा लागतो. म्हणून घेणारा आधी प्रमाणपत्र पाहतो, विमा कंपनी ते मानते की नाही हे पाहतो, आणि मग किमतीचे बोलतो. तेव्हा किर्लोस्करांनी पैसे मोजले ते नुसत्या भिंती आणि यंत्रे यांच्यासाठी नव्हेत. तिथल्या गिऱ्हाइकाचा पिढ्यांचा विश्वास, हाती असलेली प्रमाणपत्रे आणि तिथली जाणती माणसे ही त्या सौद्यातली खरी जिंदगी.

भारत फोर्जचेही असेच. १९६१ साली स्थापन झालेली, मुंढव्याला घण आणि भट्टी चालवणारी ही कंपनी. तिने २००४ च्या आरंभी जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाउस ही दिवाळखोरीत निघालेली जुनी घडाईची कंपनी विकत घेतली. जर्मन मोटारवाल्याला तपकिरी पाकिटातले दरपत्रक पाठवून भागत नाही. त्याला वाटते, माझा पुरवठादार माझ्या हाकेच्या अंतरावर असावा. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना १९६६ ची. तिने २०१२ साली हॉलंड सरकारच्या मालकीची बिल्टहोवेन बायॉलॉजिकल्स ही कंपनी घेतली. का? पोलिओची टोचून द्यायची लस करण्याची विद्या आणि तिची परवानगी तिथे होती म्हणून. असा कारखाना कोणी नव्याने उभारू म्हटले, तर परवानगी मिळेपर्यंत केस पांढरे व्हायचे.

आपल्याजवळ पुण्याच्या कारखानदारांइतका पैसा नाही, हे उघड आहे. पण त्यांनी ज्या क्रमाने पावले टाकली तो क्रम फुकट मिळण्यासारखा आहे. परदेशात माल आधी गेला, गिऱ्हाईक आधी झाले, नाव आधी झाले. पेढी मागाहून आली. जाहिरातीतला मुलगा नेमका उलटा चालतो. आधी कंपनी, मग गिऱ्हाइकाचा शोध. मांडव घातला आणि मग मुलगी पाहायला निघाले, तशातली ही गत.

द्राक्षांचे उदाहरण घ्या. १९९१ साली द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स ही संस्था उभी केली. तिची कचेरी पुण्यात. आरंभी युरोपात गेलेला काही माल नाकारला गेला. वाटेत घड सुकले, तर कधी प्रतवारी जमली नाही. मग मंडळी शिकली. तोडणीनंतर द्राक्ष ताबडतोब थंड कसे करायचे, पेटीत कसे भरायचे, औषध कोणत्या दिवसापर्यंत फवारायचे, हे सगळे शिकली. लंडनमध्ये दुकान मांडून बसण्याऐवजी तिथल्या आयातदारांच्या हातून माल विकला. परमुलखात आपली पेढी नसतानाही आपला धंदा असू शकतो, हे या मंडळींनी दाखवले. गूळ, हळद, काकवी, पापड, कोल्हापुरी चपला, संगणकाचे काम, यांतले जे तुमच्याजवळ असेल त्यासाठी पहिली पायरी हीच. निर्यातीचा परवाना क्रमांक काढावा. तो विदेश व्यापार महासंचालनालयाकडून मिळतो आणि त्याचे शुल्क अगदी किरकोळ आहे. एकाच गिऱ्हाइकाला थोडा माल पाठवावा, पैसे आपल्या इथल्या बँकेत यावेत. असे दोन हंगाम निघाले की मग त्या गिऱ्हाइकालाच विचारावे, “बाबा रे, मी तुझ्या देशात कंपनी काढली तर तुझी काही सोय होईल का?” तो हो म्हणाला तर त्याचे ते पत्र बँकेच्या कारकुनापुढे ठेवायला उपयोगी पडते.

दुबईबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. धनंजय दातार यांचे नाव अनेकांनी ऐकले आहे. १९८४ साली वडिलांच्या छोट्या किराणा दुकानात मदतीला गेलेला हा मराठी तरुण पुढे मसाल्यांचा मोठा व्यापारी झाला. पण ते तिथे राहिले, गल्ल्यावर बसले, पोती उचलली. त्यांचे उदाहरण घरबसल्या कंपनीवाल्याने आपल्या छापील पत्रकावर लावू नये. शिवाय त्या काळी दुबईत नियम असा होता की, मोकळ्या व्यापारक्षेत्राबाहेर कंपनीचा ५१ टक्के हिस्सा तिथल्या नागरिकाच्या नावे असायचा. जेबेल अलीचे मोकळे क्षेत्र १९८५ सालचे. तिथे ही अट नव्हती. २०२१ पासून बहुतेक धंद्यांना ती अट उरलेली नाही. तरीही जुना दलाल अजून ‘स्थानिक भागीदार लागतो’ म्हणून दरमहा पैसे काढतो, तेव्हा नवा कायदा विचारून घ्यावा.

आता आपल्या घरचा कायदा. तो आपल्याबरोबर परदेशात येतो, हे विसरता कामा नये. १९७३ च्या ‘फेरा’ कायद्याच्या दिवसांत एकेका डॉलरसाठी रिझर्व्ह बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. २००० सालच्या जूनपासून ‘फेमा’ लागू झाला आणि हात सैल सुटला. २००४ साली माणशी वर्षाला २५ हजार डॉलर पाठवण्याची मुभा मिळाली. ती वाढत वाढत आज अडीच लाख डॉलरवर आली आहे. पण परदेशी कंपनीच्या भागभांडवलासाठी पैसा जायचा तर तो बँकेतूनच, आणि ठरलेला फॉर्म भरून, रिझर्व्ह बँकेचा क्रमांक घेऊनच. २०२२ सालच्या नियमांत हे सविस्तर आहे. दुबईतल्या मावसभावाने तिथे भरावे आणि आपण इथे त्याच्या आईला रोख द्यावे, हा व्यवहार कितीही घरगुती वाटला तरी तो हवालाच. कंपनी आपली असेल तर दर वर्षी डिसेंबरअखेर तिचा अहवाल आपल्या बँकेमार्फत द्यायचा. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परदेशातले खाते, शेअर, सगळे दाखवायचे. नफा झाला नसला तरी दाखवायचे. लपवले तर २०१५ च्या कायद्याने दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. भारतात राहणाऱ्याच्या जगभरच्या मिळकतीवर कर इथे लागतो. तिथे भरलेल्या कराची वजावट करारानुसार मिळते, तिचे कागद सांभाळून ठेवावेत.

तिकडचेही कागद असतातच. विलायतेत एक पैशाचा धंदा झाला नाही तरी कंपनीचे वार्षिक निवेदन आणि हिशेब भरावे लागतात. अमेरिकेत परदेशी माणसाने एकट्याच्या मालकीची कंपनी काढली तर तिने एक माहितीपत्रक दर वर्षी भरायचे असते. ते चुकले तर दंड २५ हजार डॉलर. पुन्हा सांगतो, दंड. कर नव्हे. कराची रक्कम शून्य असली तरी हा दंड बसू शकतो.

म्हणून गुरुजी, तो मुलगा जाहिरात घेऊन आला तर त्याला नाउमेद करू नका. फक्त एजंटाला विचारायचे प्रश्न त्याच्या वहीत लिहून द्या. नोंदणीच्या रकमेत पत्ता एका वर्षाचा की कायमचा? पुढच्या वर्षी किती? बँकेचे खाते मिळाले नाही तर पैसे परत मिळतील का, आणि ते लिहून देणार का? दर वर्षीचे कागद कोण भरणार, कोणत्या तारखेला? भारतातल्या बँकेचा फॉर्म कोण भरणार? व्हिसा कोणता, त्याचे नाव काय, आणि भारतीयाला तो मिळतो असे त्या देशाच्या वकिलातीने कुठे लिहिले आहे, ते दाखवा. आणि शेवटी, कंपनी बंद करायची झाली तर खर्च किती आणि वेळ किती? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना एजंट थोडा थबकेल. तो पुढे काय सांगतो, ते मुलाने लक्ष देऊन ऐकावे आणि त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे.