दोस्ती दिल्लीची, भाव देवळीचा

परराष्ट्र धोरण म्हटले की ते दिल्लीतल्या मोठ्या लोकांचे काम, असे समजून आपण मोकळे होतो. मी वर्धा जिल्ह्यातल्या देवळीचा. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येतो आणि मुलांच्या फीपासून सावकाराच्या देण्यापर्यंत सारे त्याच्या भावावर ठरते. दूरच्या लढाईतली दोस्ती हा भाव कशी हलवते, एवढेच आज सांगायचे आहे.

ही गोष्ट नवी नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडला आपल्या बाजूला ओढण्यासाठी तिथल्या दक्षिणेकडील राज्यांनी कापूस अडवून धरला. इंग्लंड त्यांच्या गोटात गेले नाही. त्याने हिंदुस्थान आणि इजिप्तकडून कापूस नेला. आमच्या शेजारच्या हिंगणघाटच्या कापसाचे भाव गगनाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि तेजीवर उभ्या राहिलेल्या मुंबईतल्या बँका व कंपन्या बुडाल्या.

आता अलीकडचे पाहू. ९ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार केला. त्याच वर्षीच्या युद्धात सोव्हिएत संघ आपल्या पाठीशी राहिला, तर अमेरिकेने आपली आर्थिक मदत थांबवली. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. भारत कोणत्याही गोटात शिरला नाही, पण स्वस्त रशियन तेल घेत राहिला. हा युद्धाला पैसा पुरवणेच झाले, असे म्हणत अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर २५ टक्के जादा कर लावला. आधीचे २५ धरून ५० टक्के झाले.

आपल्या कापडाचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक अमेरिका. तिरुपूरच्या ऑर्डरी अडकल्या. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून सरकारने १९ ऑगस्टपासूनच कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले होते. ती मुदत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आमचा कापूस बाजारात यायच्या ऐन वेळी परदेशी कापूस विनाशुल्क! हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता खरा. पण ओलावा १२ टक्क्यांवर गेला की सीसीआयच्या केंद्रावर कापूस घेत नाहीत. ज्याला पैशाची निकड आहे, तो वाट किती पाहणार? मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला देतो.

गुंतवणुकीचेही तसेच. गुजरातमधल्या वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा कंपनीत रशियाच्या रोझनेफ्टचा सुमारे ४९ टक्के वाटा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरावर निर्बंध घातले आणि तिची संगणकसेवाही काही दिवस बंद पडली. कारखाना आपल्या भूमीवर, पण शिक्का भागीदाराच्या युद्धाचा.

परदेशी गुंतवणूकदार हे सारे पाहत असतो. कर जास्त असला तर तो हिशेबात धरता येतो. उद्याचा नियमच ठाऊक नसेल तर हिशेब मांडायचा कसा? रशियन तेलापायी लावलेला जादा कर अमेरिकेने फेब्रुवारी २०२६ मध्ये काढून घेतला. पण कारखाना काही सहा महिन्यांसाठी उभारत नाहीत.

मग दोस्ती तोडायची का? मुळीच नाही. अडचणीत उभा राहिलेला मित्र सोडू नये आणि दुसऱ्याच्या धाकाने तर नाहीच. मात्र दोस्ती साऱ्या देशाची असेल, तर तिचा खर्च एकट्या कापूसवाल्याच्या माथी का? आयातशुल्क माफ करण्याचा निर्णय होईल, त्याच दिवशी खरेदी केंद्रे कधी उघडणार आणि चुकारे किती दिवसांत मिळणार, हेही जाहीर व्हावे. दिल्लीने एवढे केले, तरी देवळीचा शेतकरी ही दोस्ती आपलीही मानील.