माळाला पडीक कोण म्हणतो?



अकोल्याहून मंगरुळपीरकडे निघालात की काळी जमीन मागे पडते आणि मुरमाड माळ लागतो. या चैत्रात तो पाहून कोणीही म्हणेल, इथे आहे काय! सरकारी कागदही त्याला बहुधा 'पडीक' म्हणून मोकळे होतात. माझे भांडण या एका शब्दाशी आहे. पडीक म्हटले, की कोणी नांगर घालतो, कोणी रोपे घेऊन धावतो. दोघांचाही हेतू चांगला. पण गवत मात्र दोघांच्याही हातून मरते. शेडा, मारवेल ही उन्हाची गवते. दाट सावली त्यांना मानवत नाही.

माळ वाचता येतो. शेडा-मारवेल भरपूर असेल तर माळ सुखी समजावा. गुरे हीच गोड गवते आधी खातात. चराई अती झाली, की ती हटतात आणि कुसळी माजते. तुमच्याआमच्या धोतराला टोचणारी तीच! तिच्या बियांची शेपटी ओलीने उलगडते, सुकली की पुन्हा पिळते, आणि या पिळाने बी मातीत शिरते. गिरमिट सुताराने नंतर केले असावे.

मग माळाला कुंपण घालून मोकळे व्हावे काय? तेही नव्हे. इंग्लंडातील चुनखडीच्या माळांवर मेंढ्या आणि ससे गवत खुरटे ठेवीत. त्यामुळे तिथे नाजूक रानफुलांना जागा मिळे. 1953 साली सशांत साथ शिरली, ससे मेले आणि पुष्कळ माळांवर झुडपे माजली. आपला खडक काळा, चुनखडी आपल्याकडे मातीतल्या खड्यांपुरती. पण दाताचे आणि विळ्याचे माप इथेही सांभाळावेच लागते.

पावसाळ्यात याच गवतात तणमोर येतो. मादीला दिसावे म्हणून नर गवतावर उंच उड्या मारतो. गवतच नसेल तर त्याने उडावे कोठून? 2021 पासून जगाच्या यादीत हा पक्षी अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून पक्षी धरणारे फासेपारधी अकोला-वाशीम भागात 'संवेदना' या संस्थेबरोबर आता माळ राखू लागले आहेत. तणमोर कोठे उतरतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? उद्या तुमच्या गावच्या माळावर खड्डे खणण्याचा ठराव आला, तर सही करण्यापूर्वी एखाद्या पारध्याला किंवा गुराख्याला बरोबर घेऊन एकदा श्रावणात तिथे हिंडून या.